अर्जातला चौथा परिच्छेद

कोर्टाच्या कंपाउंडला टेकून माझं टेबल.
समोर सीबीएसवर कळवण, पेठ, नांदगाव अशा आरोळ्या.
पानाला तीस रुपये. चूक माझी असेल तर दुरुस्ती फुकट.

वत्सला बेंडकुळे एकच्या सुमारास आली.
पिशवीत निकालाची नक्कल, पदराला टाचण्या.
बेलिफ उद्या दहाला येणार, म्हणाली,
कुणी सांगावं तसं, की उद्या नळाला पाणी नाही.

दोंदे वकिलांनी मजकूर दिलेला होता:
अपील दाखल आहे, निर्णय होईपर्यंत
कब्जा वॉरंटला स्थगिती मिळावी.
परिच्छेद एक, दोन, तीन माझ्या बोटांना पाठ आहेत.
चौथ्यात अडचण लिहायची असते.
तिथे दोन ओळींची जागा सोडून
साहेब दुसऱ्या कोर्टात पळाले होते.

'सांगा,' म्हटलं, 'काय अडचण?'
ती गप्प.
एवढी वर्षं इथं बसतोय,
अडचण विचारली की माणसं आधी चपलेकडे का बघतात
ते मला अजून कळलेलं नाही.

मग म्हणाली, देवांचे पोशाख शिवते,
दहीपुलाजवळच्या बोळात, वरच्या मजल्यावर.
बोटभर बाळकृष्णाचं अंगडं, अन्नपूर्णेचं लुगडं.
गिऱ्हाइकाला बोळ माहीत आहे,
माझं नाव कुणालाच माहीत नाही.

मी टाइप केलं:
अर्जदाराची उपजीविका सदर जागेवर अवलंबून आहे.

मग म्हणाली, मालकांना दिसत नाही.
मला वाटलं घरमालकाविषयी बोलतेय,
आणि ते मी बिनदिक्कत छापलंही असतं.
पण ती नवऱ्याबद्दल सांगत होती.

जिना सतरा पायऱ्यांचा. सातवी फुटकी.
सहावीवरून ते थेट आठवीवर जातात,
हातात दुधाची पिशवी असली तरी.
पाथर्डी फाट्याला खोली मिळतेय हो,
पण तिथल्या पायऱ्या शिकायचं
त्यांचं वय आता राहिलं नाही.

मी टाइप केलं:
अर्जदाराचे पती अंध असून स्थलांतर अत्यंत गैरसोयीचे आहे.
सातवी पायरी राहिली.
दोन ओळींत कशी बसवणार?

गोदावरीला पूर आला की सगळं नाशिक विचारतं,
दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला लागलं का,
कमरेला? छातीला?
आकडा कुणाला लागत नाही, मारुती पुरतो.
कोर्टात असं मधोमध कुणी उभं नाही
ज्याच्या अंगावर अडचणीची पातळी दिसेल.
तिथे दोन्हीकडच्या अडचणी
कागदावर तोलायच्या, कुणाची जास्त.

आणि दुसऱ्या बाजूचा कागदही माझाच.
तीन वर्षांपूर्वी श्रीधर गायधनी याच खुर्चीत बसले होते:
दोन खोल्यांत सात माणसं,
मुलाचं लग्न ठरून दोनदा मोडलं,
रात्री ते स्वतः दुकानाच्या फळीवर झोपतात.
तेही खोटं नव्हतं.
तेव्हाही पानाला वीसच घेतले होते.

हे तिला सांगितलं नाही.
प्रिंट काढली, तीन प्रती, सही कुठे ते दाखवलं.

साडेचारला ती जिना उतरून आली.
थकलेलं भाडं कोर्टात भरायचं,
या अटीवर सहा आठवडे.
सामनेवाल्याचं म्हणणं ऐकून मग पुढचं.

'सहा आठवडे म्हणजे दिवस किती?'
बेचाळीस, म्हटलं.
तिनं बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवला,
ओठ हलले, दोनदा चुकली, परत मोजलं.
'म्हणजे गोकुळाष्टमी निघते.
पन्नासएक अंगडी आहेत ऑर्डरची.'

भाडं कुठून भरणार, मी विचारलं नाही,
तिनं सांगितलं नाही.
नव्वद रुपये सुटे मोजून टेबलावर ठेवले,
रस्त्यापर्यंत गेली, रिक्षाला थांब म्हणाली,
आणि तेवढ्यासाठी परत आली:

'पुढच्या अर्जात
ती सातवी पायरी तेवढी लिहा.'